पाठीवरचे ओझे : किती हलके, किती भारी?

गडावर किंवा डोंगरावर जायचे ठरले, की आदल्या रात्री बहुतेक घरांत एक वाद हमखास होतो. आई म्हणते, "स्वेटर घे, बॅटरी घे, लागलं तर?" आणि चिरंजीव म्हणतात, "काही लागत नाही गं. उगाच ओझं कशाला?" शेवटी कधी आईचे चालते, कधी चिरंजिवांचे. वाद मात्र मिटत नाही, कारण दोघांच्याही म्हणण्यात तथ्य असते. जड सॅक घेऊन चढणारा माणूस दमतो, त्याला उशीर होतो आणि दमलेल्या माणसाचा पाय लवकर घसरतो. उलट, हलक्या सॅकवाला भराभर जातो खरा. पण पाऊस कोसळला, वाट चुकली किंवा पाय मुरगळला, तर त्याच्याजवळ काहीच नसते.

मग खरे कोणाचे? हा प्रश्न मतांवर न सोडता आकड्यांवर सोडवता येईल का, ते पाहू या. त्यासाठी लागणारे पदार्थविज्ञान तुम्ही नववी-दहावीत शिकलेले आहात.

एका किलोची किंमत

तुमचे वजन ५० किलोग्रॅम आहे आणि तुम्हांला ८०० मीटरचा चढ चढायचा आहे असे समजू. कळसूबाईचे शिखर समुद्रसपाटीपासून १६४६ मीटर उंच आहे. पायथ्याच्या गावापासूनचा चढ बराचसा आपल्या उदाहरणासारखाच आहे. वस्तुमान, गुरुत्वत्वरण आणि उंची यांचा गुणाकार केला, की चढण्यासाठी लागणारे कार्य मिळते. ५० × ९.८ × ८०० म्हणजे ३,९२,००० ज्यूल, म्हणजेच ३९२ किलोज्यूल. आहारशास्त्रातला एक उष्मांक ४.२ किलोज्यूलचा धरला, तर हे झाले सुमारे ९३ उष्मांक.

पण आपले स्नायू हे काही आदर्श यंत्र नव्हे. अन्नातून मिळालेल्या ऊर्जेपैकी साधारण एक चतुर्थांश ऊर्जाच कार्याच्या रूपाने बाहेर पडते, बाकीच्या तीन चतुर्थांशांची उष्णता होते. म्हणून या चढाला प्रत्यक्षात सुमारे ३७५ उष्मांक खर्च होतील.

आता पाठीवर फक्त एक किलो ओझे ठेवा. त्याला वर नेण्याचे कार्य १ × ९.८ × ८०० = ७,८४० ज्यूल. चौपट केले तरी ३१ किलोज्यूल, म्हणजे साडेसात उष्मांक. एक ग्रॅम साखरेपासून चार उष्मांक मिळतात. याचा अर्थ, एक किलो वजन ८०० मीटर उंच नेण्यासाठी लागणारी ऊर्जा दोन ग्रॅम साखरेत आहे! चहाचा अर्धा चमचासुद्धा नाही.

आश्चर्य वाटले ना? पण घाईने निष्कर्ष काढू नका. डोंगरावर ऊर्जेइतकेच वेळेलाही महत्त्व आहे. कार्य करण्याच्या वेगाला आपण शक्ती म्हणतो. न थांबता चढणारा मुलगा सरासरी ६० वॉट शक्ती लावतो असे धरू. बिनओझ्याने त्याला ३,९२,००० ÷ ६० म्हणजे सुमारे ६,५३० सेकंद, अर्थात १ तास ४९ मिनिटे लागतील. पाठीवर ५ किलो असेल तर २ तास. १५ किलो असेल तर २ तास २२ मिनिटे. आणि एकच किलो असेल तर? बिनओझ्यापेक्षा फक्त २ मिनिटे १० सेकंद जास्त.

तेव्हा आपल्या हिशेबाचे नाणे ठरले : ८०० मीटरच्या चढावर एका किलोची किंमत सव्वादोन मिनिटे. आईच्या 'लागलं तर'ची किंमत एवढीच असेल, तर ती द्यायला काहीच हरकत नाही.

मग सॅक जड का वाटते?

कारण सॅकमध्ये 'फक्त एक किलो' असे बारा वेळा भरलेले असते! जीनची दुसरी पँट, मोठा टॉवेल, स्टीलचे डबे, काचेची बाटली, पत्त्यांच्या जोडीला एक जाड कादंबरी... प्रत्येक वस्तू एकटी पाहिली तर हलकीच असते. बेरीज मात्र कोणी करत नाही.

शिवाय वरचा हिशेब फक्त उंची चढण्याचा आहे. ओझ्याचे आणखी तीन परिणाम त्यात आलेले नाहीत.

पहिला परिणाम तोलाचा. आपला गुरुत्वमध्य कमरेच्या जवळपास असतो. पाठीवर सॅक चढवली, की शरीर व सॅक या दोहोंचा मिळून गुरुत्वमध्य मागे व वर सरकतो. तो पावलांच्या वर आणण्यासाठी आपण नकळत पुढे वाकतो. सॅकमधली जड वस्तू पाठीपासून जितकी दूर, तितके तिचे परिबल मोठे आणि तितकेच जास्त वाकणे. म्हणून पाण्याची बाटली, शिधा अशा जड वस्तू पाठीला चिकटून ठेवतात आणि स्वेटर, चादर अशा हलक्या वस्तू बाहेरच्या बाजूला.

दुसरा परिणाम उतरताना दिसतो. उतरताना गुरुत्वाकर्षण आपल्याला मदत करते, मग पाय का थरथरतात? कारण चढताना साठवलेली स्थितिज ऊर्जा उतरताना कोणीतरी पचवायला हवी. ती मांडीचे स्नायू पचवतात, म्हणजे ब्रेकचे काम करतात. जड मोटारीला ब्रेक जास्त लागतो, तसेच जड सॅकला. पडण्याचे प्रसंग चढण्यापेक्षा उतरणीवर अधिक का येतात, याचे एक कारण हे आहे.

तिसरा परिणाम पायांतल्या वजनाचा. सॅकचे वजन धडाबरोबर जवळजवळ एकाच वेगाने पुढे जाते. बुटाला मात्र प्रत्येक पावलाला थांबवून पुन्हा वेग द्यावा लागतो आणि उचलावे लागते. त्यामुळे पायातल्या एका किलोला पाठीवरच्या एका किलोच्या कितीतरी पट ऊर्जा लागते, असे प्रयोगांत दिसून आले आहे. ओले, चिखलाने भरलेले बूट घालून चालून पाहा, म्हणजे पटेल.

सवयीने माणूस ओझे वाहायला शिकतो, हेही खरे. नेपाळमधील एव्हरेस्टच्या वाटेवरच्या हमालांचा अभ्यास काही शास्त्रज्ञांनी केला व तो २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. तेथील पुरुष हमाल सरासरीने स्वतःच्या वजनाच्या ९३ टक्के इतके ओझे वाहत होते! पण ते आयुष्यभर हेच काम करतात, पावलापावलाला विश्रांती घेत सावकाश चालतात. सुट्टीत दोन दिवस डोंगरात जाणाऱ्याने त्यांचे अनुकरण करू नये.

हलकेपणाचे सामर्थ्य दाखवणारे उदाहरण अमेरिकेतले आहे. एमा गेटवुड या आजीबाईंनी १९५५ मध्ये, वयाच्या ६७ व्या वर्षी, अपालाचियन पर्वतरांगेतील सुमारे ३,३०० किलोमीटरची पायवाट एकटीने चालून पुरी केली. पायांत साधे कॅनव्हासचे बूट आणि खांद्यावर स्वतः शिवलेली झोळी. तंबू नाही, झोपण्याची पिशवी नाही. पण त्या झोळीत एक वस्तू होती : न्हाणीघरात लावायचा प्लॅस्टिकचा पडदा. पावसात तो पांघरायचा, रात्री तोच अंथरायचा. सगळे टाकून देणाऱ्या या बाईंनी पावसापासूनचे संरक्षण टाकले नव्हते. आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. आदल्याच वर्षी, १९५४ मध्ये, त्यांचा पहिला प्रयत्न फसला होता. मेन राज्याच्या रानात त्या वाट चुकल्या, चष्मा फुटला आणि त्यांना घरी परतावे लागले. झोळी हलकी असेल, तर वाटेचे ज्ञान व नजर शाबूत असावी लागते.

आपल्याकडचे वारकरीही आळंदीहून पंढरपूरला खांद्यावर थोडके सामान घेऊन चालतात. पण त्यांच्या दिंडीचे तंबू आणि शिधा मालमोटारीतून पुढे गेलेला असतो, वाटेत गावोगावी पंगती उठत असतात. हलके ओझे हे पुष्कळदा असे दुसऱ्या कोणाच्या तरी भरवशावर हलके असते. डोंगरात तो भरवसा कोणाचा, हे आधी विचारायला हवे.

चालणारे शरीर आणि बसलेले शरीर

आता आपण खऱ्या मुद्द्याशी आलो. वर चढणारा मुलगा ६० वॉट कार्य करतो, तेव्हा त्याचे शरीर एकूण २४० वॉट ऊर्जा खर्च करत असते. त्यातील १८० वॉट ही निव्वळ उष्णता. म्हणजे चढणारा माणूस हा एक छोटा हीटरच आहे. म्हणूनच डिसेंबरच्या पहाटेसुद्धा चढ सुरू होताच स्वेटर काढावासा वाटतो, आणि मनात येते, "हे ओझे उगाच आणले!"

हाच मुलगा पाय मुरगळून बसला, की काय होते? शांत बसलेल्या शरीराची उष्णता ८० ते १०० वॉट असते. आपण ९० धरू. हीटर निम्म्यावर आला. हवा तीच, कपडे तेच, वारा तोच. पण आता थंडी वाजू लागते.

सॅक भरताना बहुतेकांची चूक इथेच होते. ते मनात चालणाऱ्या माणसाचे चित्र ठेवून सामान निवडतात. चालणाऱ्याला खरोखरच फार काही लागत नाही. परंतु संकट म्हणजे काय? बहुतेक वेळा संकट म्हणजे चालणे थांबणे. पाय मुरगळतो, धुक्यात वाट दिसत नाही, ओढ्याला पाणी येते, अंधार पडतो किंवा सोबत्याला सोडून जाता येत नाही. या सगळ्यांचा परिणाम एकच : माणसाला एका जागी बसून राहावे लागते. तेव्हा संकटाची तयारी करायची ती चालणाऱ्या शरीरासाठी नव्हे, तर बसलेल्या शरीरासाठी.

ओल्या कपड्यांचे गणित

बसलेले शरीर भिजलेले असेल तर काय होईल, ते पाहू. पावसात भिजलेल्या सुती शर्ट-पँटमध्ये अर्धा लिटर पाणी सहज मुरते. कातडीच्या तापमानाला एक किलो पाण्याची वाफ व्हायला सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता लागते. अर्ध्या लिटरला १,२०० किलोज्यूल. वाऱ्यामुळे हे कपडे अंगावरच दोन तासांत वाळले आणि सगळी उष्णता शरीरातूनच गेली असे समजा. १,२००,००० ज्यूल भागिले ७,२०० सेकंद म्हणजे १६७ वॉट. मिळकत ९० वॉट आणि खर्च १६७ वॉट! दर सेकंदाला ७७ ज्यूलची तूट.

ही तूट किती दिवस, नव्हे किती तास, चालेल? शरीराची विशिष्ट उष्णता प्रतिकिलोला व प्रतिअंशाला सुमारे ३.५ किलोज्यूल आहे. ५० किलोच्या शरीराचे तापमान एक अंश सेल्सिअसने उतरायला १७५ किलोज्यूल पुरतात. शरीराच्या आतले तापमान ३७ अंशांवरून ३५ च्या खाली गेले, की डॉक्टर त्या अवस्थेला हायपोथर्मिया म्हणतात. बोबडी वळते, बोटे काम करेनाशी होतात, विचार गोंधळतात आणि पुढे जिवावर बेतते. म्हणजे निरोगी माणूस आणि संकटात सापडलेला माणूस यांच्यातले अंतर केवळ दोन अंशांचे, ३५० किलोज्यूलचे आहे. ताशी तूट २७७ किलोज्यूलची असेल, तर हे अंतर सव्वा तासात संपते.

प्रत्यक्षात काही उष्णता हवेतूनही मिळते, कातडीचा रक्तपुरवठा आवळला जातो आणि अंगाला कापरे भरून स्नायू जादा उष्णता निर्माण करतात. त्यामुळे घसरण याहून बरीच सावकाश होते. पण कापऱ्यालाही इंधन लागते आणि दमलेल्या, उपाशी माणसाजवळ ते थोडे असते.

येथे एखादा चिकित्सक विद्यार्थी विचारेल, "सर, पावसाळ्यात गडावर तर धुकं असतं. हवा संपृक्त असली तर बाष्पीभवन होईलच कसं?" प्रश्न रास्त आहे. पण हवा संपृक्त आहे ती तिच्या स्वतःच्या तापमानाला. १८ अंशाला पाण्याचा संपृक्त बाष्पदाब पाऱ्याच्या सुमारे १५.५ मिलिमीटर असतो. अंगाच्या उबेने ओला शर्ट २५ अंशांपर्यंत तापला, तर त्याच्या पृष्ठभागाजवळ हा दाब सुमारे २४ मिलिमीटर होतो. दाबातला हा फरक आहे तोवर वाफ बाहेर जाणारच. शिवाय कोरड्या कपड्याच्या धाग्यांमधील हवा उष्णतेची मंदवाहक असते. तिची जागा पाण्याने घेतली, की उष्णतावहन सुमारे चोवीस पटींनी वाढते. सुती कपडा भिजला की अंगाला चिकटतो, हवेचा थर नाहीसा होतो.

हा केवळ कागदावरचा हिशेब नाही. इंग्लंडमधील डर्बीशायरच्या डोंगराळ भागात १४ व १५ मार्च १९६४ रोजी सुमारे ७२ किलोमीटर चालण्याची एक स्पर्धा झाली. थंड पाऊस आणि जोराचा वारा सुरू झाला आणि तीन तरुणांचा त्यात मृत्यू झाला. त्या भागातला सर्वांत उंच माथा ६३६ मीटरचा, म्हणजे आपल्या सिंहगडाच्या साधारण निम्मा! १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेत सहभागी असलेले शरीरशास्त्रज्ञ ग्रिफिथ प्यू यांनी या दुर्घटनेचा अभ्यास केला. ओल्या कपड्यांतून वारा वाहू लागला की त्यांची ऊब राखण्याची शक्ती फार थोडी उरते, आणि दमून चाल मंदावली की शरीराची उष्णता खर्चाला पुरत नाही, हे त्यांनी दाखवून दिले.

हिमालयात हेच गणित अधिक कठोर होते. उंची दर किलोमीटरला सरासरी साडेसहा अंशांनी हवा थंड करते, म्हणून ४,४०० मीटरवर समुद्रसपाटीपेक्षा २८-२९ अंशांनी थंडी जास्त. उत्तराखंडातील सहस्रताल या तलावांच्या वाटेवर जून २०२४ मध्ये २२ जणांचा गट परतताना हिमवादळात सापडला आणि ९ जण मृत्युमुखी पडले. महिना जूनचा होता, वाट माहितीची होती. हवेने चालणे थांबवले, एवढेच.

इरले, घोंगडी आणि एक प्रयोग

यावर उपाय महागडा नाही. कोकणात आणि मावळात भातलावणी करणाऱ्या माणसांनी तो पूर्वीच शोधला होता. पानांचे इरले डोक्यापासून पाठीपर्यंत झाकते, पाऊस व वारा अडवते आणि हात मोकळे ठेवते. धनगराची घोंगडी लोकरीची असते. लोकरीचा तंतू मुळातच नागमोडी असल्यामुळे ती भिजली तरी पूर्ण चपटी होत नाही, थोडी हवा धरून ठेवते. आज इरल्याची जागा प्लॅस्टिकच्या कागदाने घेतली आहे, तत्त्व तेच.

हे तत्त्व शाळेच्या प्रयोगशाळेत पडताळून पाहा. एकसारख्या चार बाटल्या घ्या व प्रत्येकीत ५० अंशांचे अर्धा लिटर पाणी भरा. पहिलीवर कोरडा सुती मोजा चढवा. दुसरीवर ओला मोजा चढवा. तिसरीवरही ओला मोजा चढवून ती पंख्यासमोर ठेवा. चौथीवर ओला मोजा चढवून त्यावरून एक साधी प्लॅस्टिकची पिशवी सैल बांधा आणि तीही पंख्यासमोर ठेवा. दर पाच मिनिटांनी चारही तापमाने टिपा आणि अर्ध्या तासानंतर आलेख काढा. तिसरी बाटली सर्वांत झपाट्याने निवेल. उन्हाळ्यातला माठ ज्या कारणाने गार होतो, तेच कारण. चौथीचा मोजा तितकाच ओला, पंखा तोच, तरीही ती बरीच ऊब टिकवून धरते. हा फरक घडवणाऱ्या पिशवीचे वजन किती भरले, तेही तराजूवर पाहा.

चकचकीत अ‍ॅल्युमिनियमचा लेप दिलेले प्लॅस्टिकचे पातळ पांघरूण बाजारात मिळते. ते अंगातून बाहेर जाणारे प्रारण परावर्तित करते, हे खरे. पण भिजलेल्या, वाऱ्यात बसलेल्या माणसाला त्याचा मुख्य उपयोग वारा व बाष्पीभवन रोखण्याचा आहे, आणि तो मजबूत साध्या प्लॅस्टिकच्या मोठ्या पिशवीनेही बराच साधतो. मात्र पिशवीतून तोंड बाहेर हवे, हे विसरू नका.

"मला तर कधीच लागले नाही"

काही अनुभवी मंडळी सांगतात, "मी इतके किल्ले पाहिले, शिट्टी एकदाही वाजवली नाही." हे म्हणणे संभाव्यतेच्या तराजूवर तोलून पाहू. एका सहलीत संकट येण्याची शक्यता शंभरात एक आहे असे समजा. म्हणजे संकट न येण्याची शक्यता ०.९९. शंभर सहलींत एकदाही न येण्याची शक्यता ०.९९ चा शंभरावा घात, म्हणजे सुमारे ०.३७. याचा अर्थ, असे शंभर भटके घेतले तर त्यांतील सदतीस जण आयुष्यभर 'मला कधीच लागले नाही' असे खरेपणाने सांगतील. उरलेल्या त्रेसष्टांना ती शिट्टी एकदा तरी लागेल. आपण कोणत्या गटात आहोत, हे निघताना कळत नाही.

पण हाच तर्क ताणून घरातले सगळेच सॅकमध्ये भरता येणार नाही. म्हणून प्रत्येक वस्तूला दोन प्रश्न विचारावेत. ती लागण्याची शक्यता किती? आणि लागली व नसली, तर काय बिघडेल? दुसरी पँट लागण्याची शक्यता मोठी, पण नसली तर गैरसोय होईल, एवढेच. बॅटरी लागण्याची शक्यता कमी, पण नसली तर कड्याच्या वाटेवर जीव जाऊ शकतो. गैरसोय टाळणारे सामान कमी करावे, जीव वाचवणारे करू नये.

वस्तू नव्हे, काम

अमेरिकेतील सिअ‍ॅटल शहराच्या 'द माउंटेनिअर्स' या गिर्यारोहक संस्थेने जवळ बाळगायच्या दहा आवश्यक वस्तूंची यादी केली. ती त्यांच्या पाठ्यपुस्तकात १९७४ मध्ये छापली गेली : नकाशा, होकायंत्र, विजेरी, जादा अन्न, जादा कपडे, गॉगल, प्रथमोपचार, चाकू, काड्यापेटी, अग्नी पेटवण्याचे साधन. पुढे २००३ च्या आवृत्तीत त्यांनी वस्तूंऐवजी कामांची यादी केली : दिशा कळणे, उजेड, ऊब, निवारा, पाणी इत्यादी. हा बदल शिकण्यासारखा आहे. एकच वस्तू अनेक कामे करत असेल, तर वजन वाचते आणि तयारीही राहते.

सह्याद्रीसाठी अशी एक पुरचुंडी बांधून पाहू. लोकरीचा स्वेटर ४०० ग्रॅम, कानटोपी ५०, दोन मीटर लांब-रुंद प्लॅस्टिकचा कागद २५०, डोक्याला बांधायची बॅटरी व जादा सेल १२०, शिट्टी १०, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली काड्यापेटी व मेणबत्ती ५०, पट्ट्या व औषधे १००, शेंगदाण्याची चिक्की २००. एकूण सुमारे १ किलो १८० ग्रॅम. आपल्या नाण्यात किंमत साधारण अडीच मिनिटे. त्या २०० ग्रॅम चिक्कीत सुमारे ९०० उष्मांक आहेत. बसलेल्या शरीराची ९० वॉटची शेगडी रात्रीचे दहा तास पेटती ठेवायला सुमारे ७७० उष्मांक लागतात. म्हणजे एका रात्रीचे इंधन त्या पुडीत आहे.

यातील वस्तू सर्वांनी मिळून वाटून घेता येतील का? स्टोव्ह, पातेले, दोर, औषधांचा मोठा डबा या वस्तू गटात एकेक पुरतात, त्या जरूर वाटून घ्याव्यात. परंतु बॅटरी, शिट्टी, ऊबदार कपडा, पावसाचा कागद आणि पाणी ही ज्याची त्याच्याकडे हवीत. वाट चुकणारा माणूस बहुधा एकटाच चुकतो, आणि वाटून घेतलेली वस्तू त्या वेळी दुसऱ्याच्या सॅकमध्ये असते.

पाण्याविषयी वेगळे सांगायला हवे. एप्रिल-मे महिन्यांत सह्याद्रीत भीती थंडीची नसून उन्हाची असते. उन्हात जोराने चढताना ताशी लिटरभर घामही जाऊ शकतो. पाणी ही सॅकमधली सर्वांत जड वस्तू, म्हणून तेच कमी करण्याचा मोह होतो. तीन लिटर पाण्याची किंमत आपल्या हिशेबाने साडेसहा मिनिटे, आणि प्रत्येक घोटाबरोबर तीही कमी होत जाते. गडावरच्या टाक्यांत पाणी आहे की नाही, ते पायथ्याच्या गावात विचारूनच ठरवावे. तेथल्या एखाद्या मावशींनी "वर पाणी न्हाई बाळा" म्हटले, तर आपली बाटली भरून घ्यावी. आपल्या माहितीपुस्तकापेक्षा त्यांची माहिती ताजी असते.

काही तयारीला तर वजनच नाही. कोणत्या वाटेने जाणार आणि किती वाजेपर्यंत परतणार, हे घरी लिहून ठेवणे. परतीची वेळ ठरवून, शिखर गाठले नसले तरी, त्या वेळेला मागे वळणे. आपल्या अक्षांशावर संधिप्रकाश वीस-पंचवीस मिनिटांतच सरतो, हे ध्यानात ठेवून चालणे. मोबाईल आणि ११२ हा क्रमांक जवळ असला, तरी दरीत संपर्क मिळेलच असे नाही. म्हणून शिट्टीची खूण पाठ करणे. मिनिटाला सहा वेळा शिट्टी, मग एक मिनिट थांबणे, पुन्हा सहा. ऐकणाऱ्याने मिनिटाला तीन शिट्ट्यांनी उत्तर द्यायचे. रात्री हीच खूण बॅटरीने करतात. ओरडून घसा बसतो. शिट्टीचा उंच सूर थोड्या श्वासात दूर जातो आणि आपला कान अशा सुराला विशेष संवेदनशील असतो.

पुढच्या सहलीच्या आदल्या रात्री एक करा. सॅकमधले सगळे सामान जमिनीवर मांडा आणि त्याचे तीन ढीग करा : चालताना लागणारे, अडकून बसावे लागले तर लागणारे, आणि बरे वाटावे म्हणून घेतलेले. स्वयंपाकघरातल्या काट्यावर तिन्ही ढिगांची वजने करून वहीत लिहा. घरी आल्यावर त्यातले काय वापरले त्यापुढे खूण करा. तिसऱ्या ढिगातले ज्याला खूण नाही, ते पुढच्या वेळी घरी ठेवा. दुसऱ्या ढिगातल्या एकाही वस्तूपुढे खूण नसेल, तर ती सहल उत्तम झाली असे समजा आणि तो ढीग जसाच्या तसा पुन्हा सॅकमध्ये भरा.